उडालं की गळालं?

डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आम्ही घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव आयताच मिळाला. इथे सगळे त्याला पूल म्हणतात. मराठीत पूल ओलांडायचा असतो, त्यात उतरायचं नसतं, म्हणून या लेखापुरता मी तलावच म्हणतो. पहिली दोन वर्षं पोरं त्यात डुंबत, मी जाळीने पानं काढत असे, बस्स. मग एका जुलैत पाण्याचं बिल चांगलंच फुगून आलं. तलावाकडे पाहिलं तर पाणी जिथल्या तिथे.

ते जिथल्या तिथे असण्यातच मेख होती. बऱ्याच तलावांना आपोआप पाणी भरणारा नळ असतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तसाच एक तरंगता गोळा. पातळी उतरली की गोळा उतरतो आणि नळ उघडतो. सोय म्हणून छान, पण गळती झाकायला याच्याइतकी चांगली वस्तू नाही. तो नळ बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाइलवरची पाण्याची रेघ अर्ध्या-पाऊण इंचाने खाली आलेली दिसली.

शेजारी म्हणाले, टेक्सासचा उन्हाळा आहे, वाफ होणारच. गळती शोधणाऱ्या एका कंपनीने नुसतं बघायला यायचेच काहीशे डॉलर सांगितले. आमचा तलाव तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. त्यातलं एक इंच पाणी म्हणजे सुमारे २८० गॅलन, जवळजवळ १०६० लिटर. दहा इंच म्हणजे आपल्याकडचा दहा हजार लिटरचा एक टँकर. हिशेब इतका मोठा असेल तर पाणी उडतंय की गळतंय हे आधी ठरवायला हवं, आणि त्यासाठी एक प्लास्टिकची बादली पुरते.

बादलीची साक्ष

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत हवेत सुटत असतात आणि हवेतले काही पुन्हा पाण्यात परतत असतात. हवा कोरडी असेल आणि वारा ती सारखी बदलत असेल, तर परतणारे कमी. जुलैत मुंबईत धुणं दोन-दोन दिवस आंबतं आणि एप्रिलमध्ये सोलापुरात तासाभरात कडक होतं, ते याच कारणाने. म्हणून दमट ह्यूस्टनपेक्षा वाळवंटातल्या फीनिक्समध्ये तलाव जास्त पाणी पितो, वर्षाकाठी पाच-सहा फुटांपर्यंत. लोकांचा एक गैरसमज मात्र पक्का असतो, की ऊन नाही तर वाफ नाही. ऑक्टोबरच्या पहाटे पाणी कोमट, हवा गार आणि कोरडी. तलावावर धुकं तरंगताना दिसतं. ते तुमचंच पाणी चाललेलं असतं.

साधारणपणे दिवसाला पाव इंच उडणं नेहमीचं. कडक ऊन आणि वारा असेल तर अर्धा इंचही. पण साधारणपणे या शब्दावर बिल भरता येत नाही. आपल्या अंगणात, त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात किती उडालं ते कळलं पाहिजे.

बादलीत तलावाचंच पाणी भरायचं, तळाला दोन विटा ठेवून ती तलावाच्या दुसऱ्या पायरीवर उभी करायची आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीएवढी करून दोन्हीकडे टेपची खूण करायची. बादली तलावातच ठेवायची, कारण दोन्ही पाणी सारखंच तापलं पाहिजे. बाहेर फरशीवर ठेवलेली बादली खोटी साक्ष देते. आपोआप भरणारा नळ बंद, कारंजी बंद, पोरांना चोवीस तास तलावबंदी. बादलीच्या बुडाला भोक नाही, म्हणजे तिच्यातून गेलेलं पाणी फक्त उडालेलं. तलावातून त्याहून जास्त गेलं, तर तेवढी गळती.

आमची बादली दोन सूत उतरली, म्हणजे पाव इंच. तलाव पाच सूत उतरला. मधल्या तीन सुतांचे होतात दिवसाला १०५ गॅलन, सुमारे ४०० लिटर. महिन्याला एक टँकर आणि वर थोडं.

हाच प्रयोग दोनदा करावा, एकदा पंप नेहमीसारखा चालू ठेवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून. दोन आकड्यांतला फरक गळतीचा पत्ता सांगतो. तो कसा, ते पुढे येईलच.

मिठागराचा न्याय

बादलीच्याही आधी आम्हाला एक खूण मिळाली होती, ती मी वाचली नाही. आमचा तलाव मिठाचा आहे. म्हणजे पाण्यात थोडं मीठ घालतात आणि एक विजेचं यंत्र त्या मिठापासून क्लोरीन तयार करतं. मिठाचं प्रमाण लिटरला साधारण तीन ग्रॅम. समुद्रात पस्तीसच्या आसपास असतं. त्या उन्हाळ्यात यंत्र सारखं मीठ मागत होतं आणि मी चाळीस-चाळीस पौंडांच्या गोण्या मुकाट्याने ओतत होतो.

उरणच्या किंवा वसईच्या मिठागरात काय होतं? पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तलावातही तेच. कितीही वाफ झाली तरी मिठाचा कणही कमी होत नाही, फिल्टर धुताना आणि पोरांनी उडवताना जातं तेवढंच. गळती मात्र खारं पाणी अख्खंच नेते आणि नळ त्या जागी गोडं पाणी भरतो. दिवसाला ४०० लिटर म्हणजे रोज सव्वा किलो मीठ, महिन्याला जवळजवळ दोन गोण्या. पाऊस नसताना, तलाव उतू गेलेला नसताना मीठ उतरत असेल, तर गळतीचा संशय घ्यायला बादलीचीही गरज नाही. उलट, टाइलवर पांढरा खर चढत असेल आणि मीठ जागेवर असेल, तर बहुधा नुसती वाफ.

विहीर, मोटर, फिल्टर, पुन्हा विहीर

त्या सुमाराला सासू-सासरे आलेले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. कुंपणालगत सिमेंटच्या ओट्यावर मांडलेली आमची यंत्रं त्यांनी पाच मिनिटं निरखली आणि म्हणाले, "ही तर ठिबकची मांडणी. विहीर, मोटर, सँड फिल्टर, मग शेत. तुमचं शेत म्हणजे पुन्हा विहीरच, एवढाच फरक."

याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. तलावाच्या काठावर भिंतीत एक चौकोनी तोंड असतं, त्याला स्किमर म्हणतात. तरंगणारी पानं आणि किडे तिथून आत ओढले जातात. तळाशी निचऱ्याची जाळी असते. या दोन्हींच्या नळ्या जमिनीखालून पंपाकडे येतात. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाखाली एक टोपली, कचरा अडवायला. पुढे फिल्टर, मग हीटर, मग मिठाचं यंत्र, आणि शेवटी भिंतीतल्या छिद्रांतून पाणी पुन्हा तलावात.

या वेटोळ्यात पंप म्हणजे घाटमाथा. पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची, पलीकडची दाबाची. ओढीच्या बाजूला भोक असेल, तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. दाबाच्या बाजूला भोक असेल, तर पंप चालू होताच पाणी जोराने बाहेर. आता बादलीचे दोन आकडे पाहा. पंप चालू असताना गळती जास्त, तर दाबाच्या नळीवर संशय. बंद असताना जास्त, तर ओढीच्या नळीवर. कारण पंप थांबला की जिथून हवा शिरत होती तिथूनच पाणी झिरपतं. दोन्ही वेळा सारखीच, तर नळ्या बहुतेक निर्दोष आणि तलावाची भिंत, दिवा किंवा स्किमर दोषी.

आमचे आकडे सारखे आले. पण त्याकडे वळण्याआधी मामांनी दुसरंच काही पकडलं.

हवा ओढणारी मोटर

"हिनं हवा धरलीय," मामा झाकणाकडे बोट दाखवत म्हणाले. पारदर्शक झाकणाखाली पाणी काठोकाठ भरलेलं असायला हवं. आमच्या टोपलीत पाणी अर्ध्यावर खळबळत होतं आणि तलावातल्या छिद्रांतून बुडबुड्यांची माळ येत होती.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो ओढत नाही. आतलं चाक फिरून पाणी पुढे फेकतं, मागे दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचं वजन तलावातलं पाणी त्या मोकळ्या जागेत ढकलतं. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना कोडं पडलं होतं, की पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं आणि मग काही केल्या वर येत नाही. १६४३ च्या सुमारास तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून उत्तर दिलं: हवेच्या वजनाची ताकद तेवढीच. शहाळ्यातली स्ट्रॉ मध्येच फाटली तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. हवेला जवळचा रस्ता मिळाला, की ती पाण्याला ढकलायच्या भानगडीत पडत नाही.

म्हणून हवा शिरण्याची जागा शोधायची. पहिली शंका फुकटातली: तलावाची पातळीच इतकी उतरलीय का, की स्किमर पाण्याबरोबर हवा गिळतोय? दुसरी, पंपाच्या झाकणाखालचं रबरी कडं. ते वाळतं, चिरतं, किंवा त्याच्यावर वाळूचा एक कण बसलेला असतो. कडं काढून पुसायचं, खोबणी पुसायची आणि सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. व्हॅसलीन नाही, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि सैल पडतं. तरीही हवा येत असेल, तर पंप चालू ठेवून एकेका सांध्यावर बागेच्या नळीने पाणी सोडायचं. ज्या सांध्यावर पाणी पडताच बुडबुडे थांबतात, तो चोर. कारण तेवढा वेळ तो हवेऐवजी ते पाणी गिळत असतो.

आमचं कडंच होतं. मामांनी त्यावर नखाने चीर दाखवली. नवं बसवलं, टोपलीत बादलीभर पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मोटरने दोन मिनिटांत पाणी धरलं. विहिरीच्या मोटरीत पाणी भरून ती सुरू करणं ज्याने पाहिलंय, त्याला यात नवं काहीच नाही. तिथे फूटव्हॉल्व्ह, म्हणजे गावाकडचा फुटबॉल, पाणी परत जाऊ देत नाही. इथे ते काम बऱ्याचदा पंपाजवळची एकमार्गी झडप करते.

> चौकट : हात लावण्याआधी
> पंपाचं बटण किंवा टायमर बंद केला म्हणजे वीज बंद झाली असं नाही. घराच्या पॅनेलमधला ब्रेकर पाडायचा. फिल्टरचं झाकण उघडण्याआधी वरची हवा सोडायची झडप पूर्ण उघडायची आणि पुन्हा सुरू करतानाही पाण्याची धार येईपर्यंत ती उघडी ठेवून लांब उभं राहायचं. कोंडलेल्या हवेने झाकण उडालं, तर ते तोफगोळ्यासारखं येतं. आणि तळाच्या निचऱ्याची जाळी तुटलेली किंवा निघालेली दिसली, तर पंप बंद करून सगळ्यांना ताबडतोब पाण्याबाहेर काढायचं. तिथली ओढ माणसाला धरून ठेवू शकते. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून दगावली. २००७ चा व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा तिच्या नावाने आहे.

काटा काय बोलतो

फिल्टरच्या डोक्यावर दाबाचं घड्याळ असतं. डॉक्टर जसा आधीचा रक्तदाब विचारतो, तसा इथेही एकटा आकडा कामाचा नाही. फिल्टर नुकता धुतल्यावर काटा कुठे असतो ते मार्करने लिहून ठेवायचं. आमचा १४ पीएसआयवर असतो. तिथून आठ-दहाने चढला, की फिल्टर तुंबला. वाळूचा असेल तर पाणी उलटं सोडून धुवायचा, कागदी घड्यांचा असेल तर काढून नळीखाली धुवायचा. काटा नेहमीपेक्षा खाली गेला, तर अडथळा पंपाच्या अलीकडे: टोपली भरलीय, चाकात पानाचे देठ अडकलेत, किंवा हवा शिरतेय. थोडक्यात, चढलेला काटा पुढे बोट दाखवतो आणि उतरलेला मागे. घड्याळ स्वतः मेलेलं नाही ना, हेही पाहावं. पंप बंद असताना काटा शून्यावर यायला हवा. आमचा बंद पंपावरही १२ दाखवत उभा होता, आणि मी वर्षभर त्याच्यावर विश्वास टाकला होता.

हीटर मध्येच बंद पडतो, याचंही कारण बऱ्याचदा तुंबलेला फिल्टरच. पाणी पुरेशा जोराने येत नाही असं दिसलं, की तो स्वतःला जाळून घेण्याऐवजी थांबतो. हीटरवाल्याला बोलावण्याआधी फिल्टर धुवा.

वाळूच्या फिल्टरवर एक दांडा असतो, फिल्टर करा, उलटं धुवा, पाणी बाहेर टाका अशा खुणांचा. पंप चालू असताना तो कधीही फिरवू नये. आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर फाटतं, आणि मग सगळं ठीक दिसत असूनही पाण्याची एक धार सांडपाण्याच्या नळीतून गुपचूप गटाराकडे जात राहते. ती नळी बहुधा झुडपात किंवा जमिनीत दडलेली असते. जमीन उकरायची भाषा करण्याआधी तिचं तोंड शोधून कोरडं आहे का बघावं.

गुणगुणणारी मोटर

मोटर फिरत नाही, नुसती हूं हूं करते आणि थोड्या वेळाने ब्रेकर पडतो. हा आजार प्रत्येक मराठी घराने छताच्या पंख्यात पाहिलाय. पंखा गुणगुणतो, काठीने ढोसला की फिरायला लागतो, आणि आपण म्हणतो कंडेन्सर गेला. जुन्या एकवेगी पंपात तोच प्रकार असतो. सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर चाकात खडा अडकलेला असतो. मात्र इथे काठी चालवू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. ते काम इलेक्ट्रिशियनचं.

मोटर किंचाळत असेल तर बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग बहुधा पाण्याने जातं. मोटर आणि पंप जिथे जोडलेले असतात, त्याच्या बरोबर खाली ओट्यावर ओल दिसली तर आसाभोवतीचं सील झिजलंय. सील स्वस्त असतं. ते वेळेवर बदललं नाही, की पाणी मोटरीत शिरतं आणि मग मोटरच बदलावी लागते.

जुलै २०२१ पासून अमेरिकेत नव्या तलाव-पंपांना विजेच्या बचतीचे संघीय नियम लागू झाले आणि वेग बदलणारे पंप सर्रास आले. वेग निम्मा केला, की लागणारी शक्ती जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. दुप्पट वेळ चालवूनही विजेचा फायदाच. पण मंद वेगात टोपलीत थोडी हवा तरंगताना दिसते आणि लोक घाबरून फोन करतात. वेग वाढवून पाहा. हवा निघून गेली आणि पुन्हा आली नाही, तर दुखणं नाही.

फेब्रुवारी २०२१

टेक्सासमध्ये तलावाच्या दुरुस्तीबद्दल बोलताना त्या आठवड्याचं नाव घ्यावंच लागतं. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलस-फोर्टवर्थच्या विमानतळावर पारा उणे २ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे उणे १९ सेल्सिअस. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, आणि बंद नळीत त्याला फुगायला जागा नसते. एरवी या तलावांना एक संरक्षण असतं. थंडी गोठणबिंदूजवळ आली की पंप आपोआप सुरू होतो आणि वाहतं पाणी गोठत नाही. पण त्या आठवड्यात लाखो घरांची वीजच गेली. पंप थांबले आणि फिल्टर, झडपा, हीटर तडकले. उत्तरेत, मिशिगन-न्यू जर्सीकडे, लोक शरदातच नळ्या रिकाम्या करून तलाव झाकतात. टेक्सासला ती सवय नव्हती.

वीज गेली तर काय करायचं, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. ब्रेकर पाडून पंप, फिल्टर आणि हीटरच्या बुडाशी असलेली बुचं काढायची आणि पाणी सांडू द्यायचं. रिकाम्या भांड्याला बर्फ फोडू शकत नाही. ती बुचं काढायचा पाना आम्ही आता टोपलीशेजारी एका डब्यात ठेवतो.

पाणी जिथे थांबेल तिथे

आता गळतीकडे. पंप बंद, भरणारा नळ बंद, आणि पाणी उतरेल तसं उतरू द्यायचं. आमचं पाणी रोज पाच सूत उतरत स्किमरच्या तोंडाच्या खालच्या ओठाशी आलं आणि तिथून पुढचे दोन दिवस बादलीएवढंच उतरलं. पाणी भोकाच्या पातळीखाली गेलं की गळती थांबते. जिथे थांबलं, त्या रेघेवर भोक. रेघ दिव्यापाशी असती तर दिव्याच्या मागची वायरची नळी तपासली असती. ही युक्ती बेताने करावी. प्लास्टिकच्या अस्तराचा तलाव फार उतरवू नये आणि कुठलाही तलाव स्वतःच्या मनाने पूर्ण रिकामा करू नये, कारण जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामा तलाव होडीसारखा उचलला जातो.

स्किमर प्लास्टिकचा, भोवती काँक्रीट. दोघं उन्हात आणि थंडीत वेगवेगळे फुगतात-आकसतात, आणि वर्षानुवर्षांनी जोड उघडतो. पातळी पुन्हा वर आणली, पाणी शांत होऊ दिलं, धाकट्याच्या औषधाच्या पिचकारीत खायचा लाल रंग भरला आणि जोडाजवळ थेंबभर सोडला. रंग क्षणभर तरंगला, मग त्याचा दोऱ्यासारखा धागा झाला आणि तो जोडात शिरला. पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची लांबी कणकेसारखी मळून तिथे दाबली. खर्च पंधरा डॉलरच्या आत.

मामांचा अंदाज मात्र वेगळा होता. कुंपणाजवळ ओल होती, तिथली नळी फुटलीय म्हणून ते फावडं घेऊन तयार होते. ती ओल हिरवळीच्या तुषारसिंचनाच्या तुटलेल्या तोंडाची निघाली.

तुमच्या बादलीने नळीकडेच बोट दाखवलं, तर तिथे गळती शोधणाऱ्याचे पैसे वाजवी आहेत. नळीची दोन्ही तोंडं बंद करून तो आत दाब भरतो आणि जमिनीवर माइक ठेवून ऐकतो, म्हणजे सगळी फरशी फोडावी लागत नाही. आणि फावडं उचलायचंच असेल, तर काही दिवस आधी ८११ ला फोन करा. सेवा फुकट आहे. माणसं येऊन गॅसला पिवळ्या, विजेला लाल आणि पाण्याला निळ्या रंगाच्या खुणा करून जातात. फक्त मीटरच्या पुढच्या खासगी नळ्या ते सहसा दाखवत नाहीत, आणि तलावाच्या हीटरकडे जाणारी गॅसची नळी मीटरच्या पुढचीच असते.